नियत एकट्याची नसते

रमजान लागला की माझे हिंदू सहकारी दरवर्षी एक प्रश्न विचारतात. तासातासाला तंबाखू मळणारा, दिवसाला दहा-बारा चहा लागणारा माणूस तेरा तास पाण्याचा थेंबही न घेता राहतो कसा? प्रश्नात कौतुक असते, थोडे कुतूहलही असते. आमच्याकडचे लोक त्याचे एका शब्दात उत्तर देतात : ईमान. उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. कारण तोच माणूस ईदच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकातल्या टपरीपाशी तळहातावर चुना चोळताना दिसतो. त्याचे ईमान चंद्राबरोबर उगवले आणि चंद्राबरोबरच मावळले, असे तर कोणी म्हणणार नाही. मग महिनाभर त्याला धरून ठेवणारे आणि ईदनंतर हात सोडून देणारे आणखी काय होते?

हा प्रश्न तंबाखूपुरता असता तर मी त्यावर लिहिले नसते. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, आजारी माणसांच्या रोज्यांचा. त्यावर आपल्या शहरात घरोघरी कुजबुज होते, मोकळेपणाने कोणी बोलत नाही. तिकडे मला यायचे आहे, पण थोड्या वळणाने.

रोज्याची सुरुवात नियतने होते. दुकानदार जाहिरातीसह छापून वाटतात त्या सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकावर रोज्याच्या नियतचे अरबी शब्द हमखास असतात. पण उलेमा सांगतात की नियतची जागा जिभेवर नाही, मनात आहे. शब्द उच्चारले नाहीत तरी नियत होते. मराठीतही आपण 'नियत साफ हवी' म्हणतो तेव्हा माणसाच्या आतल्या गोष्टीबद्दलच बोलत असतो. म्हणजे नियत ही ज्याची त्याची, अगदी खासगी, असे आपण सगळेच धरून चालतो. मला ते पुरतेपणी पटत नाही. नियत मनात असते हे खरे, पण तिथे ती टिकते ती आजूबाजूच्या माणसांच्या आधारावर. पुरावा हवा असेल तर घरातल्या बायकांना विचारा.

मासिक अडचणीच्या दिवसांत स्त्रीला रोजा नाही. ते पाच-सहा रोजे तिने नंतर वर्षभरात भरून काढायचे असतात. त्यांना कजा रोजे म्हणतात. तेही फर्जच, म्हणजे तेवढेच बंधनकारक. शरीर तेच, ईमान तेच, आणि हिवाळ्यात धरले तर उपाशी राहायचे तासही कमी. तरीही रमजानचे चोवीस-पंचवीस रोजे हसतखेळत करणारी बाई हे पाच रोजे आज-उद्या करत पुढच्या शाबान महिन्यापर्यंत ढकलत राहते. कारण सहरीला घरात दुसरे कोणी उठलेले नसते. गल्लीत हाका मारत कोणी फिरत नाही. दुपारी कुकरच्या शिट्ट्या होतात, पोरे समोर बसून जेवतात, पाहुणे आले तर त्यांच्याबरोबर चहा का घेत नाही याचा खुलासा करावा लागतो. मगरिबला एकटीनेच खजूर तोंडात टाकायचा आणि पुन्हा भांड्यांकडे वळायचे. रमजानात तीच बाई सहा वाजल्यापासून भजी तळत असते, दस्तरखानाभोवती दहा माणसे असतात, आणि तिला भूक लागल्याचे आठवतसुद्धा नाही.

हे काही मुसलमानांपुरते नाही. आपला जिल्हा पंढरपूरचा आहे. भाजी मंडईपर्यंत जायलासुद्धा रिक्षा शोधणाऱ्या आजी आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालत येतात. पुढे दिंडी, मागे दिंडी, ओठांवर अभंग. त्याच आजींना भाद्रपदात त्याच रस्त्याने एकटीने चालायला सांगून पाहा. विठ्ठल तोच असतो, गुडघेही तेच असतात.

आपल्याकडे 'जनाची नाही, निदान मनाची तरी' अशी म्हण आहे. माणसाच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी फार मोठमोठे ग्रंथ लिहून साधारण याच दोन शब्दांची फोड केली आहे. अमेरिकेतले फिशबाइन आणि आयझेन यांनी १९७५ साली मांडले की माणसाचा इरादा दोन गोष्टींतून घडतो. ती गोष्ट त्याला स्वतःला कशी वाटते ही एक, आणि आपल्या जवळच्या माणसांची आपल्याकडून काय अपेक्षा आहे असे त्याला वाटते, ही दुसरी. मन आणि जन. पुढे आयझेन यांनी तिसरी गोष्ट जोडली : हे आपल्याला जमेल, असा भरवसा. यातले 'असे त्याला वाटते' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. लोकांची अपेक्षा खरोखर काय आहे, याला इथे तितके महत्त्व नाही. माणूस चालतो तो त्याच्या डोक्यातल्या लोकांच्या सांगण्यावरून.

नुसत्या मनाला विचारून वागण्याचा अंदाज येत नाही, हे त्याआधीच दिसले होते. रिचर्ड लापिएर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एका चिनी तरुण जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. त्या काळी तिकडे चिन्यांबद्दल उघड तिरस्कार होता. अडीचशेहून अधिक हॉटेले आणि खानावळींत ते गेले, नकार मिळाला एका ठिकाणी. काही महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारले की तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' कळवले. हा अभ्यास १९३४ साली प्रसिद्ध झाला. कागदावर एक आणि दारात उभ्या माणसासमोर दुसरे. (भाड्याचे घर शोधताना आम्हाला याच्या उलट अनुभव येतो. फोनवर 'या की', आणि नाव सांगितले की 'अहो, कालच दिले'. असो.)

आता सांगली जिल्ह्यात जाऊ. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाईल मुलांच्या हातातून सुटेना. घरोघरी हीच तक्रार. प्रत्येक आई आपल्या मुलाला रागावत होती, प्रत्येक घर आपापले हरत होते. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, साडेआठपर्यंत गावातला टीव्ही बंद आणि मोबाईलही बंद. बातम्यांत सरपंचांनी सांगितले होते की पहिल्या बैठकीत पुरुष मंडळी या कल्पनेवर हसली. मग पंचायतीने बायकांना एकत्र केले. त्यांनी कबूल केले की मालिका पाहण्यात आमचाही फार वेळ जातो, सगळ्या गावानेच बंद करू. सुरुवातीला पंचायतीची आणि अंगणवाडीची माणसे घरोघर फिरून आठवण करून देत होती.

ही बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आमचा इफ्तारचा भोंगा. त्यानेही हेच होते. भोंग्यात काही जादू नसते, घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर असतेच. पण त्या आवाजाने प्रत्येकाला एक गोष्ट कळते : या क्षणी सगळे तेच करत आहेत. वडगावच्या पोराला मोबाईल खाली ठेवणे सोपे गेले, कारण त्याच वेळी शेजारच्या पोरानेही ठेवलेला होता. त्या दीड तासात ऑनलाइन सापडणार तरी कोण? व्हॉट्सअॅपवर आपण काही चुकवतो आहोत ही धाकधूकच उरली नाही. पालकांचे मन आधीपासून तयार होते. गावाने फक्त जन उभा केला, आणि त्याला वेळ ठरवून दिली.

तिसऱ्या गोष्टीचे, म्हणजे जमण्याच्या भरवशाचे उदाहरण आपल्या शहराला चिकटूनच आहे. मुळेगाव तांड्यावर हातभट्टीच्या दारूसाठी पोलिसांचे छापे वर्षानुवर्षे पडत होते. रसायन ओतले जायचे, गुन्हे दाखल व्हायचे आणि भट्ट्या पुन्हा पेटायच्या. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू झाले. छापे चालूच राहिले, पण त्याबरोबर अधिकारी गावे वाटून घेऊन लोकांशी बोलत राहिले आणि दुसऱ्या कामधंद्यासाठी मदत करू लागले. हा धंदा वाईट आहे हे तिथल्या बायकांना पोलिसांनी सांगायची गरजच नव्हती. उद्या चूल कशावर पेटवायची, याचे उत्तर नव्हते. ज्याला तुम्ही 'सुधारायची इच्छाच नाही' म्हणून शिक्का मारता, त्याच्या हातात दुसरे काही असते का हे आधी पाहायला हवे. हे मी आमच्या जुम्याच्या तकरीरांबद्दलही म्हणते, गावोगावच्या व्यसनमुक्तीच्या भाषणांबद्दलही म्हणते.

एक गोष्ट खास सोलापूरकरांसाठी. आपल्या टेरी टॉवेलांची ख्याती मोठी, म्हणून सांगते. अमेरिकेतल्या एका हॉटेलात संशोधकांनी खोल्यांमध्ये वेगवेगळ्या चिठ्ठ्या ठेवल्या. 'पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा' या चिठ्ठीला शंभरातल्या ३५ पाहुण्यांनी दाद दिली. 'इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असे लिहिल्यावर ४४ जणांनी. पुढच्या प्रयोगात 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' असे शब्द घातले, तेव्हा आकडा आणखी वर, ४९ पर्यंत गेला. २००८ साली हा अभ्यास छापून आला. आपल्या टॉवेलवाल्यांना तो फारसा रुचणार नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते. जगाचे सोडा, माणूस आधी आपल्या खोलीतले, आपल्या गल्लीतले लोक काय करतात ते पाहतो.

इथवर जनाची बाजू गोड वाटते. आता दुसरी बाजू.

ज्या मधुमेहींना डॉक्टरांनी रोजा धरू नका म्हणून बजावले आहे, त्यांतले कितीतरी जण रोजे धरतात. भारतासह १३ देशांत झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात १२,००० हून अधिक मधुमेही रुग्ण होते. इन्सुलिनवाचून जगता येत नाही अशा पहिल्या प्रकारच्या रुग्णांतही सुमारे ४३ टक्के आणि दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत सुमारे ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे धरले होते. रक्तातली साखर घसरून रुग्णालय गाठावे लागण्याचे प्रमाण एरवीच्या तुलनेत पहिल्या प्रकारात जवळजवळ पाचपट, तर दुसऱ्या प्रकारात साडेसातपट झाले होते. दुसऱ्या प्रकारातले सगळेच रोजेदार धोक्यात असतात असे नव्हे. औषधे आणि आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून अनेकांना रोजा धरता येतो. पण ज्यांना येत नाही, तेही धरतात.

धर्माने सांगितले म्हणून? ज्या आयतींत रोज्याचा हुकूम आहे, त्याच आयतींत आजारी आणि प्रवासी माणसाला सूट आहे. बरे झाल्यावर तेवढे रोजे भरून काढावेत. जो बरा होण्यातला नाही त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, त्याला फिदिया म्हणतात. मदरशातल्या पोरालाही हे पाठ असते. म्हणजे मनाला परवानगी आहे. अडवतो तो जन.

बरे, हा जन काठी घेऊन उभा नसतो. माझ्या ओळखीच्या एक खाला आहेत, साठी ओलांडलेल्या, दोन वेळा इन्सुलिन घेणाऱ्या. घरात मुलगा, सून सगळे सांगतात, अम्मी, राहू द्या. पण दारात आलेली प्रत्येक बाई म्हणते, 'माशाअल्लाह, इस उम्र में भी पूरे रोजे!' या एका वाक्यापुढे सगळ्या घराचे सांगणे फिके पडते. म्हणणाऱ्या बाईच्या मनात काही वाईट नसते, ती कौतुकच करते. पण पुढच्या वर्षी ते कौतुक हुकले तर काय, ही धास्ती खालांच्या मनात बसते. मग त्या डॉक्टरांकडे जाणेच टाळतात, कारण ते काय म्हणणार हे त्यांना ठाऊक असते. सकाळची गोळी आपल्याच मनाने रात्रीवर ढकलतात. चारच्या सुमारास हात कापायला लागले की पडून राहतात आणि 'थकवा आहे' म्हणतात.

हिंदू वाचकांनी हे परके मानू नये. हरतालिकेचा निर्जळ उपास, नवरात्रातले नऊ दिवस, बीपीची गोळी रिकाम्या पोटी घेऊन केलेली एकादशी. किती घरांत आजीला 'सोड आता' म्हणणारा नातू आणि 'अजून करते हं!' म्हणणाऱ्या शेजारणी असतात.

रमजानात आमच्या मोहल्ल्यांतल्या काही हॉटेलांच्या दारावर पडदा लागतो. रोजेदारांसमोर खाणे दिसू नये म्हणून ही अदब आहे आणि अदब म्हणून मला ती आवडते. पण पडद्याआड कोण बसलेले असते? म्हातारे असतात, औषधावर जगणारे असतात, दिवसभर पोती वाहणारे हमाल असतात. प्रत्येक जण मान खाली घालून चहा संपवतो आणि इकडेतिकडे पाहत बाहेर पडतो. घरातही तसेच. अडचणीच्या दिवसांत मुली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भावाला दिसणार नाही अशा बेताने घास खातात, जणू काही चोरी. पडद्यामुळे अदब राहते खरी, पण त्याने आणखीही एक काम होते : सूट घेणारे किती आहेत, हे कोणालाच दिसत नाही. म्हणून प्रत्येक आजारी माणसाला वाटते की साऱ्या मोहल्ल्यात रोजा न धरणारा मीच एकटा.

रियाधमधला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तो मी वर्गात सांगते तेव्हा मुले एकदम शांत होतात. सुमारे ५०० विवाहित पुरुषांना विचारले गेले की बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुतेकांनी खासगीत 'हो' म्हटले. मग विचारले, तुमच्या आजूबाजूच्या पुरुषांपैकी किती जण 'हो' म्हणतील? त्यांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला. प्रत्येक जण स्वतःला उदार आणि शेजाऱ्याला कर्मठ समजत होता. त्यांतल्या काहींना खरा आकडा सांगितला, एवढेच. काही महिन्यांनी पाहिले तर ज्यांना आकडा कळला त्यांच्या घरच्या अधिक बायकांनी नोकरीसाठी अर्ज केले होते आणि मुलाखतीही दिल्या होत्या. कोणाचे मन वळवावे लागले नाही. जनाबद्दलचा गैरसमज तेवढा दूर झाला.

मिरवणुकीतल्या डीजेचे तरी काय वेगळे आहे? जयंती असो, गणपती असो, मिलाद असो. छातीत धडधडणाऱ्या त्या आवाजाला खासगीत शिव्या न देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मंडळाचे कार्यकर्तेसुद्धा कानात कापूस घालून पुढे चालतात. आणि प्रत्येक मंडळाला वाटते, आपण नाही लावला तर पोरे दुसऱ्या मंडळात जातील. यावर स्वतंत्र लेख होईल, तो पुन्हा कधी.

मग असा पडदा बाजूला सारायचा कसा? आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या एका माणसाने ते करून दाखवले आहे. महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीचे कुंकू पुसले जाताना, बांगड्या फोडल्या जाताना पाहिले. त्यावर त्यांनी भाषण केले नाही. स्टॅम्प पेपरवर लिहून दिले की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर ही सक्ती करू नये. ते पाहून आणखी काही पुरुषांनी तसे लिहून दिले. पुढे त्यांनी गावांना ठराव करण्याचे आवाहन केले आणि ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हाच कित्ता गिरवायला सांगितले.

ठरावाने प्रथा एका दिवसात जात नाही हे मलाही कळते. पण त्या कागदाने काय झाले ते पाहा. अंत्यविधीच्या वेळी 'हे नको' म्हणायला घरातला कोणीही धजत नाही, कारण सगळ्यांना वाटते की सगळ्यांना हे हवे आहे. इथे ज्याच्या नावाने ते करायचे, त्यानेच आधी, धडधाकट असताना, चारचौघांत सांगून ठेवले. सूनबाईला, भावजयीला तेव्हा आपल्या जिवावर बोलावे लागत नाही. गेलेल्या माणसाचा कागद बोलतो, गावचा ठराव बोलतो.

आजारी माणसाच्या रोज्याबद्दल मला नेमके हेच हवे आहे. घरातल्या मुला-सुनेच्या खांद्यावरून हे ओझे उतरवून मशिदीच्या मिंबरवर ठेवा. फित्र्याची रक्कम किती, हे शेवटच्या दहा दिवसांत प्रत्येक मशिदीत जाहीर होते. फिदियाची रक्कम जाहीर झाल्याचे मात्र फारसे ऐकू येत नाही; ज्याला हवी त्याने एकट्याने जाऊन विचारायची, म्हणजे पुन्हा पडदाच. ती रमजानच्या आधीच्या जुम्याला का जाहीर होऊ नये? आणि त्याच जुम्याला कमिटीतल्या एखाद्या बुजुर्गाने, ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे आणि ज्यांना सारा मोहल्ला मान देतो, उभे राहून दोन वाक्ये बोलावीत : डॉक्टरांनी मना केले आहे, यंदा मी फिदिया देतोय. तेवढ्याने दहा खाला सुटतील.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो मी गंमतीवारी नेत नाही. सूट अशी जाहीर केली तर धडधाकट पोरेही पाय पसरतील. हा धोका खरा आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोनात लाकडाचे दगड झालेले एक प्राचीन जंगल आहे. तिथले तुकडे लोक खिशात घालून नेतात. चाल्दिनी नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ठिकाणी पाटी लावली की आजवर अनेकांनी तुकडे नेल्याने या जंगलाचे रूप बदलले आहे. दुसऱ्या ठिकाणी नुसते लिहिले, कृपया तुकडे नेऊ नका. पहिल्या पाटीपाशी शंभरातले जवळजवळ आठ तुकडे चोरीला गेले, दुसऱ्या पाटीपाशी दोनसुद्धा नाहीत. 'सगळेच करतात' अशी तक्रार करणारा माणूस नकळत त्या गोष्टीची जाहिरात करत असतो. म्हणून 'आजकाल किती लोक रोजे सोडतात' असा सूर मिंबरवरून लावूच नये. सांगायचे ते एवढेच की आजाऱ्याने सूट घेणे म्हणजेही हुकूम पाळणे आहे आणि आपल्या मशिदीतले जाणते लोक तो असा पाळतात. हे ऐकून वीस वर्षांच्या पोराला स्वतःसाठी पळवाट सापडत नाही. खालांना मात्र आधार सापडतो.

आणि प्रत्येक वेळी बंदीच सांगायची असेही नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने मधुमेह आणि रमजान यांवर २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली, २०२१ मध्ये ती सुधारली. कोणाला धोका कमी, कोणाला जास्त, हे तीत ठरवून दिले आहे. रोजा चालू असताना साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे ती सांगते. साखर तपासायला बोटाला सुई टोचल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. तरी आमच्याकडे किती तरी लोक या शंकेपायी दिवसभर मशीनला हात लावत नाहीत. मशीन घरात आहे, पट्ट्या आहेत, मुलगा बारावी शिकलेला आहे. नाही ती मोहल्ल्यातली एक सामायिक समजूत.

हा लेख छापून येईल तोवर यंदाचा पहिला जुमा होऊन गेलेला असेल. तरी तीन जुमे हाताशी आहेत, आणि ज्यांच्या घरी खालांसारखे कोणी आहे त्यांनी आज संध्याकाळी इफ्तारला जाताना त्यांच्या तोंडावर 'माशाअल्लाह, पूरे रोजे' म्हणणे तेवढे टाळले तरी चालेल. पुढच्या वर्षीची कार्डे शाबानमध्ये छापायला जातील. दुकानाच्या जाहिरातीखाली, नियतच्या शब्दांशेजारी, दोन ओळींची जागा सहज निघते : आजारी माणसाला सूट आहे, आणि फिदियाची रक्कम अमुक. ज्यांच्या पैशांतून ही कार्डे निघतात ते व्यापारी आणि ती छापणारे प्रेसवाले, दोघेही हे पान वाचतात म्हणून लिहिले.